बारा ठोके

छोट्या बेचाळीस वर्षांचा होता आणि डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत इतकेच उरले होते, तरी ताईच्या तोंडी तो छोट्याच. चारचौघांत, चर्चच्या विश्वस्तांसमोर, कुठेही. "छोट्या, हातोडी दे." "छोट्या, सरस ढवळ, तळाला लागतोय." ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालणारी तीच होती, त्यामुळे त्याला बदलायला लावण्याचा हक्क तिला आहे आणि तिला बदलायला लावण्याचा हक्क कुणालाच नाही, हे घरात केव्हाच ठरून गेलं होतं.

धंदाही असा की समोरच्याला सांगितला तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, "हे असं काही काम असतं?" असतं. जुन्या चर्चमधले नळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करायचे. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, हेच केलं आणि त्यांच्यामागे या दोघांनी.

आत्ताचा ऑर्गन अडीचशे वर्षांचा होता. आठशे चाळीस नळ्या. सगळ्यांत मोठी लाकडाची, आत माणूस उभा राहील एवढी. सगळ्यांत लहान कथलाची, करंगळीएवढी. पट्टी दाबली की तिच्यामागची बारीक काठी ओढली जाते, काठी एक झडप उघडते, झडपेतून वारा नळीत शिरतो आणि नळी बोलते. पट्टी सोडली की गप्प. पुढची सोनेरी नक्षी आणि गाल फुगवलेले देवदूत हे पाहणाऱ्यांसाठी. जीव सगळा मागच्या खोलीत, भात्यात.

लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणू नका. दोन पलंग एकाला एक जोडले तर होईल एवढा हा भाता, कमरेएवढ्या उंच चौकटीवर बसवलेला. तळाला जाड फळी, वरती जाड फळी, आणि मध्ये चारी बाजूंनी चामड्याच्या घड्या. वरच्या फळीवर दगडाच्या अठरा लाद्या रचलेल्या, कडेला लाकडी काठ म्हणजे त्या घसरू नयेत. आत वारा भरला की लाद्यांसकट फळी वर उचलली जाते, आणि लाद्यांच्या भारानं वारा एकसारखा दाबला जाऊन नळ्यांकडे जातो. वारा भरायला मोटर होती, पण ती जळाली म्हणून तिच्या तारा पुन्हा गुंडाळायला गेली होती. तोवर जुना हातदांडा. दांडा वरखाली केला की चौकटीखालचे दोन लहान भाते फुगतात आणि मोठ्यात वारा कोंबतात.

तर या मोठ्या भात्याचं चामडं मागच्या कोपऱ्यात आतून फाटलं होतं. आतून फाटलेलं आतूनच सांधायचं, सरसानं नव्या चामड्याचं ठिगळ चिकटवून. तळाच्या फळीला एक दार होतं, खालून वर जायचं, एका माणसापुरतं. आणि आत जायचं म्हणजे डोक्यावर अठरा लाद्या.

म्हणून अप्पांचे नियम होते, आणि अप्पा गेल्यावर ते अधिकच कडक झाले होते. आधी भाता पूर्ण फुगवायचा. मग वरच्या फळीच्या चार कोपऱ्यांखाली बाहेरून चार टेकू उभे करायचे. प्रत्येक टेकूखाली एक पाचर, प्रत्येक पाचरेला तीन ठोके. चार त्रिक बारा. बारा ठोके झाले की वारा सोडायचा. दांडा ज्या लोखंडी खिळीनं भात्याला जोडलेला असतो ती खीळ काढायची आणि जो आत जाणार त्यानं ती स्वतःच्या खिशात घालायची, म्हणजे आपण आत असताना बाहेरच्या शहाण्यानं चुकूनही दांडा मारू नये. आणि आत जाण्यापूर्वी चारही टेकू त्यानं स्वतःच्या हातानं हलवून बघायचे.

ताई बावीस वर्षं हलवून बघत होती. आणि बावीस वर्षांत एकही टेकू हललेला नव्हता. छोट्याला हे मनातून लागायचं. आपण लावायचं आणि तिनं शाळेतल्या बाईंसारखं तपासायचं.

त्या दिवशी सकाळी मात्र भांडण टेकूवरून नव्हतं, सगळ्यांत लहान नळ्यांवरून होतं. रीत अशी की एकानं पट्ट्यांपाशी बसायचं आणि एकानं आत नळ्यांपाशी, पितळी शंकू घेऊन. शंकू नळीच्या तोंडात किंचित दाबला की तोंड फाकतं आणि सूर चढतो. आत ताई होती, आणि मोटर नसल्यानं दांड्यावर चर्चची घंटा वाजवणारे घंटाकाका. छोट्यानं सगळ्यांत वरची पट्टी दाबली आणि म्हणाला, "डळमळतेय."

"ठीक आहे," आतून ताई.

"ताई, ढळढळीत डळमळतेय. शेजारणीशी जुळतच नाहीये."

"ठीक आहे म्हटलं ना!"

छोट्या वैतागला. त्यानं कागदाची घडी करून ती पट्टी खाली दाबूनच ठेवली, म्हणजे नळी बोलतच राहील. ओरडू दे, बसू दे ऐकत. नळी शिट्टीसारखी किंचाळत राहिली. ताई शिडीवरून उतरली, शंकू त्याच्या हातात दिला आणि भात्याच्या खोलीकडे चालू लागली. आता तिला राग आला, की कंटाळा आला, की आणखी काही, हे छोट्यानं विचारलं नाही. भावंडं एकमेकांना असलं विचारत नाहीत.

खोलीत ताईनं काकांच्या हातून दांडा घेऊन भाता फुगवला. छोट्या टेकू लावत गेला, आधी पुढचे, मग मागचे. दांडा पुढे, खोलीच्या दारापाशी. तिथून मागचे कोपरे दिसत नाहीत. पहिली पाचर, तीन ठोके. दुसरी, तीन ठोके. तिसरी. ऑर्गनमध्ये ती वरची नळी अजून किंचाळत होती, आणि तिच्या प्रत्येक लहरीसरशी छोट्याच्या डोक्यात एकेक तिडीक उठत होती. चौथा टेकू उभा केला आणि त्याला राहवलं नाही. हातोडी घेऊन तो भात्याला वळसा घालून ताईसमोर येऊन उभा राहिला.

"एक सांग मला. बावीस वर्षं झाली. माझा हात, माझा कान, कशावर तरी विश्वास आहे का तुझा? नळी मी सांगितली तर ती चूक. टेकू मी लावले तर ते तू पुन्हा बघणार. मग मला ठेवलंयस कशाला? शोभेला?"

ताईनं दांड्यावरून हात काढला. एरवी तिनं एका वाक्यात त्याचा निकाल लावला असता. आज ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. नाही तपासत आज. झालं समाधान?"

तिनं खीळ काढली, खिशात टाकली, सरसाचं भांडं आणि नवं चामडं घेतलं, आणि खरंच, एकाही टेकूला हात न लावता चौकटीखाली वाकून दारातून आत शिरली. वारा सुटला, फळी टेकूंवर बसली, नळी गप्प झाली. छोट्या जिंकला होता. जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, त्याला काही वाटत नव्हतं.

दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. घंटाकाका, सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार, दारातल्या बाकावर बसून छोट्याला सांधेदुखीवरचा उपाय सांगत होते. स्वतःला लागू न पडलेला उपाय ते सगळ्यांना सांगत. आतून ताईचा खरवडण्याचा आवाज येत होता. जुनं चामडं निघत नसलं की ती पालथ्या मुठीनं फळीवर दोन दणके घालते. तिनं ते घातले.

मागे काहीतरी घसरल्याचा आवाज झाला.

मग लाकूड दगडावर आपटल्याचा. मग आणखी एक. आणि मग तो अठरा लाद्यांचा छपरासारखा भार मागच्या बाजूनं तिरका होऊन खाली आला. भात्यातून एक लांब सुस्कारा बाहेर पडला, धूळ उडाली, आणि त्यानंतर आवाजच नाही.

"ताई!"

छोट्या मागे धावला. चौथा टेकू आडवा पडला होता, त्याच्या धक्क्यानं तिसराही. पुढचे दोन उभे होते, पण आता सगळा तोल त्यांच्यावर आला होता आणि दोन्ही बाहेरच्या अंगाला कलले होते. तिसऱ्याची पाचर फरशीवर पडलेली त्याला दिसली. चौथ्याची दिसेना. तो गुडघ्यांवर बसून चौकटीखाली, भिंतीकडे, सगळीकडे हात फिरवू लागला, आणि वाकताना त्याच्या मांडीला काहीतरी टोचलं. एप्रनच्या खिशात. त्याला काढून बघायची गरज पडली नाही. चौथी पाचर सकाळपासून तिथेच होती.

चौथा टेकू त्यानं उभा केला होता आणि भांडायला निघून आला होता.

"छोट्या." आवाज फळ्यांतून आला, बारीक, तोडून तोडून. "ओरडू नकोस. आहे मी."

तो चौकटीखाली सरपटला आणि दारातून वर बघितलं. आत अंधार. तिचे पाय दिसत होते, गुडघ्यांत दुमडलेले, त्याच्याकडच्या उंच बाजूला. डोकं आणि छाती तिकडे, जिथे फळी खाली आली होती तिथे.

"छातीवर आहे," ताई म्हणाली. "श्वास... अर्धा येतोय. ओढू नकोस मला."

"लागलंय का?"

"मग काय गुदगुल्या होतायत?" तिनं म्हटलं आणि त्यानंतर ती थोडा वेळ बोलू शकली नाही.

घंटाकाका भिंतीला धरून उभे होते. "काका, माणसं आणा! गाडी उचलायचा जॅक आणा कुणाचा तरी! पळा!" काका पळाले. म्हणजे त्यांच्या परीनं पळाले. त्यांचे पाय फरशीवर घासत गेल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

छोट्यानं मागच्या खालच्या कोपऱ्यातली एक लादी दोन्ही हातांनी उचलली. ती सुटताच पुढचा डावा टेकू करकरला आणि बोटभर आणखी कलला. आतून ताईच्या तोंडून एक आवाज निघाला, तसला आवाज त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यानं लादी जशीच्या तशी हळूच परत ठेवली. उचलाव्यात तर टेकू जाणार, न उचलाव्यात तर ती गुदमरणार. पुढचे दोन टेकू गेले की फळी पूर्ण बसणार, आणि पूर्ण बसलेल्या भात्यात वीतभर जागा उरते. वीतभर जागेत माणूस मावत नाही.

त्याला रडू फुटलं. लाजायचं काय त्यात, ढसाढसा फुटलं.

"छोट्या," आतून ताई म्हणाली. "रडणं मग. दार लाव."

"काय?"

"दार लाव. वारा भर."

त्याला क्षणभर कळेना, आणि मग एकदम कळलं. ही फळी रोज कोण उचलतं? वाराच उचलतो. सगळीकडून सारखी, एकही टेकू न हलवता. पण त्यासाठी ताईला त्या काळोख्या पेटाऱ्यात बंद करायला हवं होतं.

"आणि फाटलेलं? जुनं चामडं काढलंस ना? सगळा वारा तिथूनच जाईल."

"नवं ठिगळ हातात आहे. सरस लावलेलं. हात पोचतोय माझा." थांबली, श्वास घेतला. "आतलं ठिगळ वाराच दाबून धरतो. अप्पा काय म्हणायचे?"

"खीळ दे मग!"

आत हालचाल झाली, थांबली, पुन्हा झाली. "खिशात आहे," ताई म्हणाली. "खिसा अंगाखाली आहे."

छोट्यानं दारातून हात घालून बघितला. गुडघ्यांपर्यंत पोचला, पुढे नाही. तिला इजा होऊ नये म्हणून केलेला नियम, आणि खीळ तिच्याच अंगाखाली अडकलेली. त्यानं अप्पांना मनातल्या मनात एक शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा.

"पाय आत घे," तो म्हणाला. तिनं घेतले. त्यानं दार लावलं, दोन्ही फिरक्या आडव्या केल्या. ताई आत अंधारात राहिली आणि तो दांड्याकडे धावला.

दांड्याच्या भोकात काय घालायचं? पेचकस घातला, तो सैल बसला आणि पहिल्याच झटक्याला निसटला. हातोडीचा दांडा जाड. खिशात पाचरेशेजारी आणखी एक वस्तू होती: सकाळी ताईनं हातात दिलेला पितळी शंकू. अप्पांचा, अप्पांच्या आधी त्यांच्या उस्तादांचा. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड. कुठल्याही भोकात कुठेतरी घट्ट बसणारच. त्या शंकूला एक चरा पडला असता तर ताई आठवडाभर बोलली नसती. छोट्यानं तो भोकात घातला आणि हातोडीनं ठोकून बसवला.

दांडा हलला. वर, खाली. वर, खाली.

दांड्यासमोरच्या भिंतीवर दोरीला बांधलेला एक शिशाचा गोळा लोंबत होता. दोरीचं दुसरं टोक वरच्या फळीला. फळी चढली की गोळा उतरतो, फळी उतरली की गोळा चढतो. मोटरच्या आधी दीडदोनशे वर्षं जी माणसं इथे उभी राहून वारा भरत आली, त्यांना भाता किती भरला ते याच गोळ्यावरून कळायचं. भिंतीवर त्यांनी ओरखडे काढून ठेवले होते, खालचा ओरखडा म्हणजे भरला.

गोळा हलेना. दहा झटके झाले, पंधरा झाले. भोकात शंकू कुरकुरू लागला. वीस.

"ताई! ठिगळ धरलंयस?"

उत्तर नाही.

"ताई!"

पंचविसाव्या झटक्याला दूरवर ऑर्गनच्या पोटात काहीतरी कण्हलं. बेसूर, घोगरं, मेल्यासारखं. छोट्या दचकला, आणि मग त्याला आठवलं: कागदाची घडी. वरच्या पट्टीत त्यानंच कोंबलेली. ती नळी बोलू बघत होती. म्हणजे वारा नळ्यांपर्यंत पोचत होता, भात्यात दाब येत होता. करंगळीएवढी नळी, तिनं पिऊन पिऊन किती वारा प्यायचा? ओरडू दे तिला. सकाळी ज्या नळीचा गळा धरावासा वाटत होता, तिचा आवाज ऐकून आता त्याच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं.

कण्हणं चढलं, शिट्टी झाली, शिट्टी किंचाळी झाली. आणि गोळा बोटभर खाली आला.

त्यानं खांद्यांची हाडं निखळतील इतक्या जोरानं दांडा मारला. गोळा दोन बोटं. चार बोटं. आतून एक मोठा, फाटका, पूर्ण श्वास ऐकू आला, आणि नंतर खोकला. खोकला! इतका गोड खोकला त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

"फळी उचलली जातेय!" ताई ओरडली. "थांबू नकोस!"

गोळा खालच्या ओरखड्याला टेकला. आता खरी गोम होती. फळी वर होती ती निव्वळ वाऱ्यावर. त्यानं दांडा सोडला की ती बसू लागणार. हे फाटकं चामडं असताना भरलेला भाता तीस आकड्यांत बसायचा, काल त्यांनीच मोजलं होतं. आता तिथे ताईच्या तळहातानं दाबलेलं ओलं ठिगळ होतं. किती आकडे मिळतील ते देवाला माहीत.

"ताई, मी टेकू लावायला जातोय! नळी उतरायला लागली तर ओरड, अंग चोरून घे!"

"तूच सांग मला, ओरडतेय का ती अजून!"

जाड फळ्या, जाड चामडं. आत कुठून ऐकू येणार, असं त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यावर त्यानं ते सोडून दिलं. दांडा सोडला. एक. भात्याला वळसा घालून मागे. चार. तिसरा टेकू उचलला, कोपऱ्याखाली सरळ धरला. सात. पाचर सरकवली. ठोका, ठोका, ठोका. बारा. चौथा टेकू. खिशातली पाचर घाईत काढताना हातातून निसटली आणि घसरत चौकटीखाली गेली. सोळा. तो पोटावर पडला, हात घातला, नख मोडलं, पाचर मिळाली. एकवीस. नळी अजून किंचाळत होती, पण किंचित उतरली होती, त्याच्या कानाला ते लगेच कळलं. टेकू उभा. पाचर. ठोका. ठोका. ठोका. पुढे धावून दोन्ही कललेले टेकू सरळ केले, त्यांच्याही पाचरा पुन्हा ठोकल्या, तीन आणि तीन.

मग चारही टेकू त्यानं स्वतःच्या हातानं हलवून बघितले. एकही हलला नाही.

दार उघडलं तसा वारा त्याच्या तोंडावर आला आणि नळी थांबली. ताई पायांकडून बाहेर आली. चेहरा राखेसारखा, केसांत दोनशे वर्षांची धूळ, ओठ चावलेला. त्यानं तिला भिंतीला टेकवून बसवलं. ती डाव्या बरगड्यांवर हात धरून बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली, भूक लागलेल्या माणसानं जेवावं तशी.

घंटाकाका आले तेव्हा त्यांच्याबरोबर रस्त्यावरची दोन माणसं होती आणि एक जॅक होता, आणि सगळ्यांत जास्त धाप जॅक न उचललेल्या काकांनाच लागली होती. डॉक्टर गाडी घेऊन निघालेत, असं त्यांनी सांगितलं. त्या दोघांपैकी एकानं भात्याकडे बघत विचारलं, "पण पडलंच कसं हो हे?"

"माझी चूक," ताई म्हणाली. "आत जाणाऱ्यानं तपासायचं असतं. मी तपासलं नाही."

छोट्यानं मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. चौथी पाचर आता चौथ्या टेकूखाली नीट बसलेली होती. कुणी विचारलं असतं तरी कुणाला काही दिसलं नसतं. टेकू कधी कधी घसरतात. माणूस किती हलकट असू शकतो हे त्याचं त्यालाच त्या अर्ध्या मिनिटात कळलं, कारण ते अर्धं मिनिट त्यानं चक्क हायसं वाटण्यात घालवलं.

माणसं जॅक घेऊन गेली. ताईनं डोळे उघडले. "काका, दोन मिनिटं दांडा मारता? सरस ओला आहे तोवर वारा द्यायला हवा. नाहीतर ठिगळ सुटेल, सकाळपासूनचं काम वाया."

"ताई, बरगडी मोडली असेल तुझी!"

"मग ती काय ठिगळ सुटल्यावर जुळणार आहे?"

तिच्याशी कोण वाद घालणार? छोट्यानं दार लावलं. काका दांड्याला लटकले. घंटेचा दोर ओढलेले हात, ताल चांगला होता. वारा चढला, आणि ती वरची नळी पुन्हा किंचाळू लागली, सुईसारखी, कानाच्या पार आत. काकांनी एक खांदा कानाला लावला.

"अहो, बंद करा कुणीतरी ते! कान किटले!"

ताईनं डोकं भिंतीला टेकवलं होतं. "काय बंद करा?" तिनं विचारलं. "शांत तर आहे सगळं."

काका हसले. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. छोट्या हसला नाही. खोलीत आता ना जाड फळी मध्ये होती ना चामडं, खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि नळी अशी ओरडत होती की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसावं. तो ताईजवळ खाली बसला.

"केव्हापासून?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो कशाबद्दल विचारतोय हे तिला कळलं, आणि नेमकं आत्ता तिकडे काय वाजतंय हेही कळलं.

"वर्ष झालं असेल. वरच्या पाचसहा नळ्या. तू म्हणायचास डळमळतेय, मी म्हणायचे ठीक आहे. मला काही ऐकूच यायचं नाही, छोट्या. नळीच्या तोंडाशी बोट धरून वारा लागतो का तेवढं बघायचे." ती थांबली. श्वास दुखत होता, की बोलणं, सांगता येत नव्हतं. "आणि आता वरच्याच नाही राहिल्या. सकाळी दांड्याशी उभी होते ना, ठोके मोजत होते तुझे. नेहमी मोजते. नऊच ऐकू आले मला."

छोट्याचा हात आपोआप एप्रनच्या रिकाम्या खिशाकडे गेला.

"म्हटलं, उरलेले तीन कानानं गिळले. लाकडावरचे ठोके सुद्धा गेले आता. त्याला काय सांगू, नऊ झाले म्हणून? आधीच तो चिडलेला, आणि मी बहिरी." ती कशीबशी हसली. "म्हणून गेले आत, न तपासता. या कानांवर भरवसा ठेवण्यापेक्षा तुझ्यावर ठेवलेला बरा. आणि नंतर कोपरा कोसळला तो लाकडाच्या दोषानं, असंच धरलं मी. पण मी ठरवलंय, हे शेवटचं काम. ज्याला ठोके ऐकू येत नाहीत त्यानं भात्यात जाऊ नये."

काका दांडा मारत होते. नळी ओरडत होती. छोट्या उठला, मागच्या कोपऱ्यात गेला. चौथ्या पाचरेकडे नीट बघून घेतलं. मग परत येऊन ताईसमोर बसला. हे सांगितल्यावर ती आपलं तोंड पुन्हा बघणार नाही, असं त्याला अगदी खरोखर वाटत होतं.

"नऊच होते, ताई."

"काय?"

"ठोके. नऊच होते. चौथी पाचर मी लावलीच नाही. माझ्या खिशात राहिली. तुझ्याशी भांडायला आलो आणि विसरलो." त्याचा आवाज फुटला. "तुझा कान बरोबर होता."

ताईनं उजवा हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत मारली, बरगडी सांभाळत, पण सणसणीत. काकांचा दांडा अर्ध्यात थांबला.

"नऊच?" तिनं विचारलं.

"नऊच."

"नक्की ना? माझ्या समाधानासाठी नाही ना म्हणत?"

"अप्पांची शपथ. तीन पाचरा, नऊ ठोके."

आणि ताई रडली. जिवावर बेतलं तेव्हा नाही, अंधारात बंद केलं तेव्हा नाही, ती आता रडली. "म्हणजे मला नीट ऐकू आलं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, डाव्या हातानं बरगड्या धरून आणि उजव्या हातानं, ज्यानं मारलं होतं त्याच हातानं, त्याचा गाल चोळत. "नीट ऐकू आलं होतं मला."

बाहेर डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला. तो दोघांनाही ऐकू आला. छोट्या तिला उठवायला वाकला, तर तिनं दांड्याकडे बोट केलं. भोकात अप्पांचा शंकू चेपून वाकडा झाला होता.

"तो सरळ करून घे," ती म्हणाली. "आजपासून वरच्या नळ्या तू सुरात लाव. मी विचारणारसुद्धा नाही."

"बरं."

ती उठली, त्याच्या खांद्यावर भार टाकून दोन पावलं चालली, आणि दारात थांबली.

"टेकू मात्र मी तपासणार," ताई म्हणाली.